मिनीमूग: आज की उद्या?

मिनीमूग मॉडेल डी हा सिंथेसायझर १९७० चा. पट्ट्या ४४, पण एका वेळी वाजतो एकच सूर. आपल्या पेटीवाल्यांना हे चमत्कारिकच वाटेल! २०१६ मध्ये मूग कंपनीने तो पुन्हा काढला, २०१७ मध्ये थांबवला. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारे हात चोळत बसले. २०२२ मध्ये तो परत आला, पण किंमत जवळपास ५,००० डॉलर, आधीपेक्षा जास्त. मधल्या काळात बेहरिंगर कंपनीने तशाच मांडणीचा, पट्ट्या नसलेला छोटा डबा फारच स्वस्तात आणला.

मला विचाराल, तर रेकॉर्डिंगची तारीख ठरली असेल तर मिनीमूग घेऊन टाका. नुसतीच हौस असेल, तर आधी दुकानात तासभर त्याचा, आवाज बोथट-धारदार करणारा कटऑफचा नॉब फिरवा. घरच्या कीबोर्डवर तो आवाज खरंच निघत नाही ना, हे कानांनाच ठरवू द्या.