‘फिरत जा’ म्हणजे नेमकं कुठं?

साखर किंवा रक्तदाब निघाला की दवाखान्यातून माणूस दोन गोष्टी घेऊन येतो. गोळ्यांची चिठ्ठी आणि ‘जरा फिरत जा’ हा सल्ला. गोळी किती, केव्हा, जेवणाआधी की नंतर, हे चिठ्ठीवर असतं. फिरण्याबद्दल एक अक्षर नसतं. पत्ता न घातलेलं पाकीट पेटीत टाकावं, तसा हा सल्ला. तो पोचावा कसा?

बीड जिल्हा म्हटलं की ऊसतोड कामगार आठवतो. त्याला व्यायाम सांगणं ही थट्टाच होईल. त्याला हवी विश्रांती. पण आमच्या सिरसाळ्यात दिवसभर गल्ल्यावर बसणारा दुकानदारही आहे, शिलाई मशीनवर वाकलेला टेलर आहे, जीपचा ड्रायव्हर आहे, निवृत्त गुरुजी आहेत. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७. स्त्रियांचा आकडा मोठा का, हे माझ्या थोरल्या बहिणीनं, आपानं, एका वाक्यात सांगितलं. डॉक्टरांनी फिरायला सांगितल्यावर ती म्हणाली, “अरे, फिरू कुठं? रस्त्यावर ट्रक, बाजारात माणसं, पहाटे कुत्री!”

आपल्याकडे निम्मी वाट तयार आहे. आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला साखर किंवा रक्तदाब आहे का, आणि आठवड्यात दीडशे मिनिटं शारीरिक हालचाल होते का, हे त्यात विचारतात. गुण चारापेक्षा जास्त झाले की तपासणीला आधी पाठवायचं. पण हालचालीच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं, तर त्या ‘नाही’चं पुढं काय करायचं? चालण्याचीही चिठ्ठी इथूनच सुरू व्हायला हवी.

बाहेर असे प्रयोग झाले आहेत. न्यूझीलंडमध्ये डॉक्टर ‘हिरवी चिठ्ठी’ देतात, स्वीडनमध्ये व्यायाम कागदावर लिहून देतात. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेनं २०१४ साली बजावलं, की माणूस नुसता बसून असतो म्हणून अशा योजनेत पाठवू नका. सोबत आजार किंवा धोका असेल, तरच पाठवा आणि काय साधलं याची नोंद ठेवा. म्हणजे मोजकी माणसं निवडायची, पण त्यांना मध्येच सोडायचं नाही.

आपली चिठ्ठी कशी असावी? आधी तपासणी. छातीत दुखणं, चक्कर, धाप, साखरेच्या रुग्णाच्या पायाला जखम असेल, तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये. मग चिठ्ठीवर चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : किती, केव्हा, कुठं आणि कुणासोबत. सुरुवात दहा मिनिटांची असली तरी चालेल. वेग ओळखायला यंत्र नको. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मी मित्रांना सांगतो, गझल तरन्नुममध्ये आली तर पाय उचला! मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वेळ सकाळची किंवा सांजेची. रोजाच्या महिन्यात, औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून ती बदलावी. बायकांसाठी शाळेचं मैदान उजाडताना तासभर उघडावं आणि चौघीजणींनी मिळून जावं. एकटीला जग विचारतं, चौघींना कुणी विचारत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारायला हवं, “चालणं सुरू आहे ना?” तीन महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. या विचारण्याचा मोबदला आशाताईंना मिळायला हवा. त्यांच्या डोक्यावर फुकटचं एक ओझं नको.

ग्रामसभेत रस्ता, नळ, दिवा हे विषय येतात. पुढच्या सभेत एवढंच विचारा : शाळेच्या मैदानाचं फाटक पहाटे कोण उघडणार?