परिक्रमा आणि वाटाड्या



सुरत नगरी तापीतीरी वसलेली आहे. परंतु येथून उत्तरेस हांसोटच्या पुढे गेले की विमलेश्वरापाशी नर्मदेचे सागरमुख लागते. दक्षिण तीराने चालत आलेला परिक्रमावासी तेथे नावेत बसून उत्तर तीरावरील मिठी तलाईस जातो. केव्हा निघावयाचे, हे त्याच्या इच्छेवर नसते. भरती पाहून नावाडी ठरवितो. शेकडो कोस पायी आलेल्या मनुष्यास, मग तो दशग्रंथी का असेना, येथे मुकाट्याने वाट पाहत बसावे लागते.

परिक्रमा सुमारे २६०० किलोमीटरांची. नर्मदा सदैव उजव्या हातास ठेवावयाची, मध्ये कोठेही पात्र ओलांडावयाचे नाही, चातुर्मासात एके स्थळी राहावयाचे, सदावर्तात मिळेल तो शिधा घ्यावयाचा. परंपरेने यास तीन वर्षे, तीन मास व तेरा दिवस लागतात. आज मोटारीनेही परिक्रमा होते. वृद्धांची त्याने सोय झाली हे खरे. पण वाट विचारण्याचा प्रसंगच त्यात येत नाही, आणि परिक्रमेचे अर्धे शिक्षण तर त्या विचारण्यातच आहे.

अरण्यात एकटे शिरले म्हणजे आत्मबोध होतो, असा एक समज आहे. तो बरोबर नव्हे. एकट्यास प्रथम भय ग्रासते, आणि भयग्रस्त मनुष्य स्वतःकडे पाहत नाही. तो झुडुपांकडे पाहतो. वाटेची चिंता दुसऱ्याने उचलली म्हणजेच मन मोकळे होते व आपला लोभ, आपला उतावळेपणा त्यास दिसू लागतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूस गांधार देशच्या मनुष्याचा दृष्टांत देतो. डोळे बांधून निर्जन प्रदेशात सोडलेल्या त्या मनुष्याचे बंधन कोणी सोडतो व दिशा दाखवितो. पुढे गावोगाव विचारीत तो स्वदेशी पोहोचतो. बंधन सोडणारा त्याच्यासवे चालत गेला, असे तेथे म्हटलेले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शूलपाणीच्या झाडीत ही कसोटी अधिक कठोर होती. तेथे भिल्ल यात्रिकांचे सर्वस्व, अंगावरील वस्त्रदेखील, काढून घेत, असे पूर्वीचे परिक्रमावासी सांगत आले. त्यास मैयाची लीला म्हणून वंदन करणे सोपे आहे. डोंगरातील दारिद्र्य त्यामागे होते, हेही म्हटले पाहिजे. तथापि लंगोटीवर उरलेल्या यात्रिकास पुढील पाड्यावर भाकर मिळे, तीही त्याच डोंगरातील लोकांकडून. आपण दाते नसून याचक आहोत, हे त्यास तेव्हा कोणी प्रवचनातून सांगावे लागत नसे. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या १९५७ च्या कादंबरीने परिक्रमेचे हे जग मराठी घरांत पोहोचविले.

पुढे सरदार सरोवराचे पाणी चढले. अक्कलकुव्यातील मणिबेलीजवळचे जुने शूलपाणेश्वराचे मंदिर त्यात बुडाले व गोरा येथे नवे उभारले गेले. काठाकाठाच्या पायवाटा गेल्या. ज्यांची शेते होती त्यांची शेतेही गेली. आता झाडीतून पायी जाणाऱ्याने वरच्या डोंगरांतील वाट धरावयाची, तर ती पाड्यावरच्या मनुष्यासच विचारावी लागते. आणि तो "नर्मदे हर" म्हणून आधी चहा ठेवतो, मग वाट दाखवितो.