मोजक्या दिव्यांत गाण्याचा कार्यक्रम
(कार्यकर्ते व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



गाण्याच्या कार्यक्रमाचा खर्च मांडायला बसलो की यादीत मंडप येतो, ध्वनिक्षेपक येतो, बॅनर येतो, हारतुरे येतात. प्रकाशयोजना मात्र त्या यादीत नसते. मंडपवाला दोन हॅलोजन बांधून देतो आणि त्यावर भागवले जाते. मग प्रत्यक्षात काय घडते? कमानीवरच्या माळा लखलखतात, मागचा बॅनर उजळून निघतो आणि जिचे गाणे ऐकायला आपण जमलो, त्या मुलीचा चेहरा काळोखात राहतो. शेवटच्या रांगेत बसलेल्या तिच्या आईला आपली लेक नीट दिसत नाही. कार्यक्रमात आपण कोणाला मान देतो, हे प्रकाशावरून कळते. हा मान द्यायला पैसा फार लागत नाही, हेच आज आम्हाला सांगायचे आहे.

साधने कमी असणे ही काही नवी गोष्ट नाही. तमाशाचे फड एके काळी टेंभ्यांच्या उजेडात रंगत, पुढे गॅसबत्त्या आल्या. कोलकात्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन (१९२४-२००६) यांचे उदाहरण तर विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. १९५९ साली उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाते, हे दृश्य त्यांनी प्रकाशाच्या बळावर मिनर्व्हा थिएटरच्या रंगमंचावर उभे केले. आजची संगणकावर चालणारी यंत्रे तेव्हा नव्हती.

आता आपल्या कामाकडे वळू. आपल्यापाशी ५० वॅटचे सहा एलईडी फोकस आहेत, असे धरून चालू. विकत घेण्याची गरज नाही. वस्तीतल्या दुकानाच्या पाटीवर, एखाद्याच्या गच्चीवर असे फोकस असतात. एका संध्याकाळीपुरते ते मागून आणता येतात. दिवा लावण्यापूर्वी कागदावर एकच प्रश्न लिहावा : लोकांना काय दिसले पाहिजे? उत्तर सोपे आहे. गायकाचा चेहरा, हार्मोनियम व तबल्यावरचे हात आणि कोरसमधली मुले.

सहापैकी दोन दिवे गायकासाठी ठेवावेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अध्यापक स्टॅन्ली मॅककॅन्डलेस यांनी १९३२ साली आपल्या पुस्तकात मांडलेली पद्धत आजही उपयोगी पडते. एक दिवा उजवीकडून व एक डावीकडून, दोन्ही सुमारे ४५ अंश उंचीवरून. म्हणजे दिवा चेहऱ्यापासून १० फूट पुढे असेल, तर चेहऱ्यापेक्षा तो १० फूट वर हवा. तेवढा उंच बांबू नसेल तर थोडा खाली चालेल. पण पायाशी दिवा ठेवू नये, त्याने सावल्या वर चढतात आणि चेहरा भेसूर दिसतो. दिवा १० फुटांवरून २० फुटांवर नेला की उजेड चौथाईवर येतो. म्हणून दिवे थोडे असतील तर ते जवळ आणावेत.

तिसरा दिवा वादकांवर, चौथा कोरसवर. पाचवा गायकाच्या मागून, उंचावरून खांद्यांवर पडेल असा. त्यामुळे माणूस पडद्यापासून सुटा दिसतो. सहावा मागच्या पडद्यासाठी, आणि तोही गाण्याला गरज असेल तरच.

पडद्याविषयी आम्ही आग्रहाने सांगतो. पांढऱ्या, झगझगीत पडद्यासमोर आपल्याकडचे सावळे चेहरे अधिकच काळवंडलेले दिसतात. तो दोष चेहऱ्याचा नाही, पडद्याचा आहे. गडद निळा किंवा काळा पडदा लावा, चेहऱ्यांवर पिवळसर उजेड टाका. तेच चेहरे तेजस्वी दिसतील. हिरवा रंग चेहऱ्यावर कधीही टाकू नये, माणूस आजारी वाटतो. निळ्या प्रकाशात लाल साडी काळी दिसते, म्हणून कलाकारांचे कपडे आधी विचारून घ्यावेत.

उजेड इकडेतिकडे सांडू नये म्हणून तेलाचा रिकामा डबा दोन्ही तोंडांनी कापून, आतून काळा रंगवून फोकसच्या पुढे बसवावा. फोकसची मागची बाजू उघडी असू द्यावी, नाहीतर दिवा तापतो. उजेड हळूहळू कमी करायचा असेल तर पंख्याचा रेग्युलेटर जोडू नये. जाड पुठ्ठा दिव्यापुढून सावकाश सरकवला तरी काम होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. १००० वॅटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. १६ अँपिअरच्या एका जोडणीवर असे तीनच दिवे लावावेत. याउलट आपले सहाही एलईडी मिळून ३०० वॅट होतात, म्हणजे दीड अँपिअरसुद्धा नाही. तरीही खांबावर आकडा टाकून वीज घेऊ नये. अर्थिंग आणि ई.एल.सी.बी. असलेल्या अधिकृत जोडणीवरूनच, जाणकार वायरमनच्या हातून वीज घ्यावी. ओल्या जमिनीवर वायरचे सांधे राहू देऊ नयेत. बांबू दोरांनी तीन बाजूंना ताणून बांधावेत. जाण्यायेण्याच्या वाटेवरचा दिवा संपूर्ण कार्यक्रमभर चालू ठेवावा. कार्यक्रम एका रात्रीचा असतो, माणसाचा जीव एकदाच मिळतो.

शेवटी विद्यार्थ्यांना दोन शब्द. गाण्यांचा क्रम हाती घेऊन कोणत्या ओळीला कोणता दिवा लागेल, हे वहीत लिहा. बटणावर एक जण आणि वही वाचणारा दुसरा, अशी जोडी करा. गायकांबरोबर एकदा तरी तालीम करा. गाणाऱ्याला स्वतःची वही वाचता येते का, डोळ्यांवर तिरीप येते का, हे त्याच्या जागेवर बसून पाहा. या कामात भूमिती आहे, पदार्थविज्ञान आहे, संगीताची जाण आहे. मन लावून शिकलात तर उद्या हे पोटापाण्याचे साधनही होऊ शकते.

कार्यकारिणीला एवढीच विनंती की, पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत बॅनरच्या आधी प्रकाशयोजना लिहावी. त्यासमोर रक्कम शून्य असली तरी चालेल. एका विद्यार्थ्याचे नाव मात्र असावे.