खाते मिटविण्याची रीत

नारपोलीत सुताच्या उधारीचा अर्थ कोणास सांगावा लागत नाही. मुदतीस रक्कम चुकती झाली तर पत राहते. न झाली तर माग थांबतात. चार्ज कार्ड हे असेच खाते आहे. महिन्याचे सारे बिल एकरकमी द्यावयाचे. पुष्कळ चार्ज कार्डांना ठरीव मर्यादा नसते. म्हणून आमचे पडून असलेले कार्ड आम्ही वर्गणी वाचवावी या हेतूने सहज मिटविले.

त्याच धांदलीत एका बँकेच्या दोन क्रेडिट कार्डांपैकी एकही मिटविले, आणि चुकलो. दोहोंवर लाख-लाखाची मर्यादा, उचल ४० हजारांची. म्हणजे वापर शेकडा २०. एक मर्यादा जाताच तोच वापर शेकडा ४० झाला. मागासाठी कर्ज मागावयास गेलो, तो हाच आकडा पुढे आला. बँक तयार असेल तर मर्यादा आधी दुसऱ्या कार्डावर वळती करून घ्यावी, मगच पहिले मिटवावे.

बाकी फेडलेली असल्यास ७ कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावे, न केल्यास ग्राहकास रोज ५०० रुपये द्यावेत, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०२२ साली दिला. सूतवाल्याचे खाते मिटविताना आपण ‘बाकी नाही’ असे लिहून घेतो. येथेही तेवढे घेतल्यावाचून उठू नये.