ताठ होणारं हेलियम



तुमच्यापैकी कुणाची एमआरआय तपासणी झाली असेल, तर त्या यंत्रातलं चुंबक बहुधा द्रव हेलियमनेच थंड ठेवलेलं होतं. तापमान उणे 269 अंश! यापेक्षा कितीही थंड करा, साध्या दाबाखाली हेलियम गोठतच नाही. त्याचे अणू हलके, एकमेकांची ओढ अगदी क्षीण. त्यांची चुळबुळ कधी थांबत नाही. वातावरणाच्या सुमारे 25 पट दाब दिला, तरच स्फटिक बनतो. विलेम केसोम यांनी 1926 साली लायडनमध्ये तो प्रथम बनवला.

स्फटिकात अणूंचे शिस्तीचे थर असतात, पण एखादा थर मध्येच संपतो. त्या कडेला डिस्लोकेशन म्हणतात, म्हणजे रेषादोष. तांब्याची तार वाकते ती या रेषा सरकतात म्हणून. पुन्हा पुन्हा वाकवली की रेषा एकमेकींत अडकतात आणि तार कडक होते. हेलियममध्ये त्या फारच मोकळ्या सरकतात. त्यांना अडवतात हेलियम-3 चे, म्हणजे हेलियमच्याच हलक्या प्रकाराचे, अणू. नेहमीच्या हेलियममध्ये हे कोटीत जेमतेम दोन-तीन!

2004 साली अमेरिकेत युनसाँग किम आणि मोझेस चान यांनी घन हेलियमची डबी पिळाच्या दांडीवर हेलकावत ठेवली. केवल शून्याच्या जवळ, 0.2 केल्विनखाली, हेलकावे जलद झाले. त्यांना वाटलं, काही हेलियम डबीबरोबर फिरत नाही, घनरूपातच घर्षणाशिवाय वाहतंय. जगभर खळबळ उडाली. पण 2007 मध्ये कॅनडात जेम्स डे आणि जॉन बीमिश यांनी दाखवलं, की त्याच तापमानाला घन हेलियम ताठ होतं. थंडीत हेलियम-3 चे अणू दोषरेषांना चिकटतात, रेषा जखडल्या जातात. आतला माल ताठ झाला, की हेलकावे जलद होणारच. मग चान यांनीच डबीची रचना बदलून प्रयोग पुन्हा केला. परिणाम नाहीसा झाला, आणि 2012 मध्ये त्यांनी तसं जाहीरही केलं. मला हा दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये उलट बाजूही दिसली. अतिशुद्ध स्फटिकात रेषा मोकळ्या सुटल्या, तेव्हा एका दिशेचा ताठपणा सुमारे 80 टक्क्यांनी घटला.

राज्य मंडळाच्या बारावीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात स्फटिकांतले दोष आहेत. मार्कांपुरते पाठ करून तो भाग सोडू नका. रेषादोषांविषयी वर्गात आपल्या शिक्षकांना जरूर विचारा.