नाकावर भरवसा नको

नोव्हेंबर 2024 मध्ये सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या शाळगाव एमआयडीसीत एका खत कारखान्यात वायुगळती झाली आणि माणसं दगावली. सातारा-सांगलीत जोखमीच्या जागा कमी नाहीत. शीतगृहांत अमोनिया असतो, साखर कारखान्यांच्या सांडपाण्याच्या हौदांत हायड्रोजन सल्फाइड. अमोनिया निदान डोळ्यांत झोंबतो तरी! हायड्रोजन सल्फाइड मात्र दगाबाज. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला, की नाक बधिर होतं. कुजक्या अंड्यांचा वास थांबतो आणि वाटतं, वायू गेला.

असा वायू ओळखायला धातूंची ऑक्साइडं कामी येतात. कथील किंवा जस्ताच्या ऑक्साइडचा पातळ थर दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवतात. हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. विषारी वायू आला, की त्या ऑक्सिजनशी त्याची प्रक्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात, थराचा विद्युतरोध घसरतो आणि भोंगा वाजतो. 1960 च्या दशकात जपानच्या नाओयोशी तागुची यांनी असा संवेदक बाजारात आणला. पुढं कण नॅनो आकाराचे झाले. कथील ऑक्साइडचा कण सहा नॅनोमीटरच्या आसपास आला, की जवळजवळ सगळा कणच पृष्ठभागासारखा वागतो. अगदी थोडा वायूही मग पकडला जातो.

या संवेदकात खोटही आहे. पावसाळी दमट हवेत आकडा हलतो, आणि डिस्टिलरीत अल्कोहोलच्या वाफेनंही हा बोंब ठोकतो. म्हणून त्याची वेळोवेळी तपासणी हवीच. हौदात उतरण्याआधी वायुमापक दोरीनं खाली सोडून आकडा बघावा, शिडी त्यानंतर.