गोळ्यांची डबी कशाला लपवायची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुस्तकी बोलणे मला जमायचे नाही. घरात पाहिले तेच सांगते, आणि तेही माझ्या धाकट्या नणंदेला विचारूनच.

तिला बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. कोणी नसताना आवाज ऐकू येत, झोप उडाली, जेवणात विष कालवले आहे असे वाटे. आधी अंगारे-धुपारे झाले, गंडेदोरे झाले. सहा महिन्यांनी डॉक्टर गाठले. गोळ्यांनी गुण आला. पण पाहुणे आले की गोळ्यांची डबी तांदळात जाई! पुढे स्थळ सांगून आले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी गोळ्याच बंद करविल्या. दोन महिन्यांत दुखणे उलटले. स्थळ गेले आणि पोरीचे वर्षही गेले. आज ती नियमित औषध घेते आणि आपल्या मंडळाच्या पापडांचा हिशेब चोख ठेवते.

त्याच घरात सासूबाईंची मधुमेहाची गोळी मात्र सर्वांदेखत ताटाशेजारी असे. साखरेचे दुखणे सांगण्यासारखे आणि मनाचे तेवढे कलंकाचे, हे कोणी ठरविले?

लाजेपायी माणसे दूर नेऊन सोडली जातात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली. साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळे मेले. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. पण जिभेची साखळी कायद्याने कशी सुटणार? ती आपणच सोडायची.

म्हणून माझे मागणे थोडेच आहे. कोणाला पाठीमागे ‘वेडी’ म्हणू नका. झोप उडाली, माणूस एकलकोंडे झाले, भलतेच संशय घेऊ लागले, तर लवकर डॉक्टरांकडे न्या. त्यांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका, लग्नासाठी तर नाहीच. आवाज ऐकू येतात म्हणाली तर वाद घालू नका. ‘मला ऐकू येत नाहीत, पण तुला त्रास होतो हे दिसते,’ एवढे म्हणा. कोठे जावे कळेना, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून ही सोय आहे. पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.

आणि शेजारच्या घरी असे दुखणे असेल, तर हळदीकुंकवाचे, भोंडल्याचे बोलावणे त्या घरी आधी करा. औषध डॉक्टर देतील. बोलावणे आपणच द्यायचे आहे.